एंटर दाबलं आणि भलताच शब्द उमटला: एडिटरच्या ऑटोकम्प्लीटला वठणीवर कसं आणायचं

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीची पत्रं लिहायचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. ऑफिसच्या सवयीने मी तीही कोड एडिटरमध्येच (प्रोग्रॅम लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये) लिहितो, साध्या टेक्स्ट फाइलमध्ये. मागच्या पावसाळ्यात तुंबलेल्या ड्रेनेजबद्दल एक तक्रारपत्र लिहिलं. शेवटी ‘स्थळ : पुणे’ लिहून एंटर दाबलं. नवी ओळ आली नाही, म्हणून पुन्हा दाबलं, दिनांक टाकला आणि छापून दिलं. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी काका पत्र घेऊन दारात उभे. “स्थळ : पुणेकर? अरे, हा पत्ता आहे की बिरुद?”

झालं होतं ते साधंच. पत्रात वर कुठेतरी मीच ‘आम्ही पुणेकर करदाते’ असं लिहिलं होतं. एडिटरने तो शब्द लक्षात ठेवला, ‘पुणे’ टाइप होताच छोटी यादी उघडून ‘पुणेकर’ पुढे केला, आणि माझं पहिलं एंटर नव्या ओळीच्या कामी न येता त्या शब्दावर पसंतीची मोहोर उठवून गेलं.

चीड आली ती दुसऱ्याच गोष्टीची. महिन्याभरापूर्वीपर्यंत हे होत नव्हतं. आदल्याच आठवड्यात एडिटरने स्वतःला अपडेट करून घेतलं होतं, त्यामुळे सगळा राग त्या अपडेटवर निघाला. दोन संध्याकाळी खर्च केल्यावर खरा गुन्हेगार सापडला आणि तो अपडेट नव्हता. त्याच्याकडे पुढे येतोच. या शोधात जे हाती लागलं ते क्रमाने लिहितो आहे. उदाहरणं मुख्यतः व्हीएस कोड या मायक्रोसॉफ्टच्या एडिटरची आहेत, कारण माझ्या ओळखीत हिंजवडीपासून खराडीपर्यंत बहुतेकांच्या डेस्कवर तोच असतो. इतर एडिटरांचं शेवटी थोडक्यात. सेटिंगची नावं उच्चाराप्रमाणे नागरीत दिली आहेत. शोधपेटीत टाकताना ती रोमन अक्षरांत टाका.

आधी तक्रार नीट मांडा

‘ऑटोकम्प्लीट बिघडलंय’ ही तक्रार ‘गाडी आवाज करते’ यासारखी आहे. मेकॅनिक विचारणारच, कुठून? ऑटोकम्प्लीट ही एकच गोष्ट वाटते, पण आत चार वेगळे निर्णय होत असतात. यादी कधी उघडायची, तिच्यात शब्द कुठून आणायचे, उघडल्यावर कोणती ओळ आधीच निवडून ठेवायची, आणि कोणती कळ दाबली की ती निवड पक्की समजायची. चारही निर्णयांची सेटिंग्ज वेगवेगळी आहेत. शिवाय हल्ली कर्सरपुढे करड्या रंगात उमटणारा अख्खा वाक्याचा किंवा ओळींचा अंदाज असतो. तो या यादीचा भागच नाही, त्याची यंत्रणा पूर्ण वेगळी.

माझ्या अनुभवात दहापैकी आठ वेळा त्रास शेवटच्या निर्णयाचा असतो, कळीचा. यादी उघडली याचा राग कुणाला येत नाही. न विचारता शब्द घुसवला याचा येतो. म्हणून वैतागून सगळं ऑटोकम्प्लीट बंद करणारे लोक दोन दिवसांत परत चालू करतात, कारण लांबलचक फंक्शनची नावं पाठ कुणाला असतात? मला विचाराल तर यादी राहू द्या, तिचा हात तेवढा धरा.

गुन्हेगार पकडणं

सेटिंग्जमध्ये हात घालण्याआधी दहा मिनिटं तपासाला द्या. नको असलेली यादी मुद्दाम उघडू द्या आणि प्रत्येक ओळीच्या डावीकडचं चिन्ह बघा. ‘एबीसी’ अशी अक्षरं असलेलं चिन्ह म्हणजे तो शब्द उघड्या फाइलींतून उचललेला आहे, एडिटरला त्याचा अर्थ वगैरे काही माहीत नाही. छोटा ठोकळा दिसला तर ते फंक्शन किंवा मेथड, म्हणजे त्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या एक्स्टेन्शनने (एडिटरला वरून जोडलेल्या पुरवणीने) दिलेली सूचना. स्निपेटचं, म्हणजे कोडच्या तयार तुकड्याचं, चिन्ह वेगळं असतं, खालची कड तुटक असलेला चौकोन. आणि यादीच नसेल, नुसता करडा मजकूर असेल, तर हे एआयचं काम.

या चिन्हांवरून एक छान निदान होतं. फाइलीतून शब्द उचलून सुचवणं हा एडिटरचा शेवटचा पर्याय आहे. भाषेची खरी माहिती असलेला कुणी सूचना देत असेल तर हा पर्याय मागे राहतो. त्यामुळे कालपर्यंत ठोकळे दिसत होते आणि आज सगळीकडे ‘एबीसी’ दिसतंय, तर एडिटरची वागणूक बदललेली नाही, त्या भाषेचा लँग्वेज सर्व्हर बंद पडलाय. अशा वेळी सेटिंग्ज उलटीपालटी करणं म्हणजे फ्यूज उडालेला असताना बल्ब बदलणं. आउटपुट पॅनेल उघडून त्या एक्स्टेन्शनचे संदेश वाचा, कंट्रोल-शिफ्ट-पी दाबून ‘रीलोड विंडो’ करून बघा.

लँग्वेज सर्व्हर हा शब्द नवा असेल त्यांच्यासाठी थोडं. पूर्वी प्रत्येक एडिटरसाठी प्रत्येक भाषेची ऑटोकम्प्लीट वेगळी लिहावी लागे. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल जाहीर केला. तेव्हापासून भाषेची जाण असलेला एक वेगळा प्रोग्रॅम पार्श्वभूमीला चालतो आणि एडिटर त्याला विचारतो, ‘या जागी काय सुचवू?’ उत्तरात फक्त शब्द येत नाहीत. कोणता शब्द वर, कोणता आधीच निवडलेला, कोणतं अक्षर टाइप केलं की तो पक्का करायचा, हेही सर्व्हरच सांगू शकतो. म्हणजे एडिटर जागचा हललेला नसताना नुसतं पायथनचं किंवा जावाचं एक्स्टेन्शन अपडेट झालं तरी तुमच्या बोटांखालचं वागणं बदलू शकतं. ‘मी तर काहीच अपडेट केलं नाही’ म्हणणाऱ्यांचं कोडं बरेचदा इथे सुटतं, कारण एक्स्टेन्शनं मूळ ठरवणीप्रमाणे (डीफॉल्टने) आपली आपण अपडेट होतात.

पुढची पायरी, कोणत्या एक्स्टेन्शनचा हात आहे ते शोधणं. एकेक बंद करून बघायचा खटाटोप करू नका. कमांड पॅलेटमध्ये (तेच कंट्रोल-शिफ्ट-पी) ‘स्टार्ट एक्स्टेन्शन बायसेक्ट’ अशी आज्ञा आहे. ती निम्मी एक्स्टेन्शनं बंद करून एडिटर पुन्हा उघडते आणि विचारते, आता ठीक आहे की अजून बिघडलंय? तुमच्या उत्तरावरून उरलेल्यांतली निम्मी, मग त्यांतली निम्मी. ३२ एक्स्टेन्शनं असली तरी पाचेक फेऱ्यांत एकावर बोट ठेवता येतं. सगळीच बंद असताना त्रास होत राहिला, तर गुन्हेगार एडिटर स्वतः किंवा तुमची सेटिंग्ज.

सेटिंग्जची झडती घ्यायची तर कंट्रोल आणि स्वल्पविराम दाबून पान उघडा आणि शोधपेटीत ॲटच्या चिन्हाला जोडून ‘मॉडिफाइड’ टाका. तुम्ही, किंवा तुमच्या नावाने दुसऱ्या कुणी, बदललेली सगळी सेटिंग्ज समोर येतात. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा चार वर्षांपूर्वी कुठल्यातरी व्हिडिओत बघून बदललेली सतरा सेटिंग्ज निघाली. त्यांतली निम्मी कशासाठी होती ते आजही सांगता येणार नाही.

एंटरचा प्रश्न

आता मुख्य काम. शोधपेटीत ‘ॲक्सेप्ट सजेशन ऑन एंटर’ टाका. तीन पर्याय दिसतील: ऑन, स्मार्ट आणि ऑफ. मूळ ठरवणी ‘ऑन’ आहे. यादी उघडी असताना एंटर म्हणजे निवड, दुसरं काही नाही.

‘ऑफ’ केलं की एंटर नेहमी नवी ओळच देतं आणि निवड टॅबने करायची. साध्या मजकुरासाठी आणि शेल स्क्रिप्टसाठी (टर्मिनलच्या आज्ञांच्या फाइलींसाठी) मी डोळे मिटून हाच पर्याय सांगतो. शेल स्क्रिप्टमध्ये लूपच्या ओळीला ‘डू’ लिहून एंटर दाबलं आणि त्या जागी ‘डॉकर’ बसला, असा प्रकार एकदा घडला की पटतं. ‘टॅब दाबलं तर मग इंडेंट कसं होणार, ओळ आत कशी सरकणार?’ असा प्रश्न हमखास येतो. यादी उघडते ती काहीतरी टाइप केल्यावर. रिकाम्या ओळीच्या सुरुवातीला ती सहसा नसतेच, त्यामुळे तिथे टॅब आपलं नेहमीचं काम करतं.

‘स्मार्ट’ नावाला भुलू नका. यात एंटर तेव्हाच निवड करतं जेव्हा त्याने मजकुरात खरोखर बदल होणार असतो. तुम्ही पूर्ण शब्द लिहिलात, यादीतही तोच शब्द निवडलेला आहे, तर एंटर नवी ओळ देतं. एंटर दोनदा दाबावं लागतं ही तक्रार असेल तर हा उपाय उत्तम. पण ‘पुणे’चं ‘पुणेकर’ होण्यात मजकूर बदलतोच ना, त्यामुळे मला सेक्रेटरी काकांपासून स्मार्टने वाचवलं नसतं.

सब्लाइम टेक्स्ट या दुसऱ्या एका एडिटरच्या सेटिंग्ज फाइलीत टॅबने निवड करण्याच्या सेटिंगवर निर्मात्यांनीच टीप लिहून ठेवली आहे की टॅबने निवड करणं सर्वसाधारणपणे अधिक चांगलं, कारण शब्द पक्का करायचा की नवी ओळ घ्यायची हा घोळ राहत नाही. तरीही त्यांची मूळ ठरवणी एंटरचीच! लोकांची सवय मोडायची हिंमत कुणाची होत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

एंटर आवरलं तरी कधीकधी शब्द घुसतच राहतात. पूर्णविराम, अर्धविराम किंवा कंस टाइप केला आणि मागचा शब्द बदलला, असं दिसलं तर ‘ॲक्सेप्ट सजेशन ऑन कमिट कॅरेक्टर’ हे सेटिंग बघा. ते मुळात चालू असतं. लँग्वेज सर्व्हर जी अक्षरं ‘पक्कं करा’ म्हणून सांगतो ती हीच. जावास्क्रिप्ट किंवा टाइपस्क्रिप्ट रोज लिहिणाऱ्या काहींना हे प्राणप्रिय असतं, कारण नावाची तीन अक्षरं आणि एक पूर्णविराम टाकला की पुढे सरकता येतं. मला ते झेपत नाही. मी नजर कीबोर्डवर ठेवून टाइप करणारा माणूस, चूक कळते ती प्रोग्रॅम चालवल्यावर. माझ्यासारखे असाल तर बंद करा.

मला सगळ्यात आवडलेलं सेटिंग मात्र तिसरंच आहे आणि ते फार कुणाला ठाऊक नसतं: ‘सजेस्ट सिलेक्शन मोड’. मुळात ते ‘ऑलवेज’वर असतं, म्हणजे यादी उघडताच एक ओळ निवडलेली. ते ‘नेव्हर’ केलं की आपोआप उघडलेल्या यादीत काहीच निवडलेलं नसतं. एंटर दाबा, नवी ओळ मिळेल. टॅब दाबा, टॅब मिळेल. शब्द हवा असेल तर खालच्या बाणाने त्यावर जा आणि मग एंटर. आणि गंमत अशी की हे बंधन फक्त आपोआप उघडणाऱ्या यादीला आहे. तुम्ही स्वतः कंट्रोल-स्पेस दाबून यादी मागवली तर पहिली ओळ निवडलेलीच येते. न बोलावता आलेला पाहुणा ओसरीवर, बोलावलेल्याला पाट, अशी ही व्यवस्था. कोड लिहिताना मी हेच ठेवलं आहे.

यादी कधी आणि कशातून

‘क्विक सजेशन्स’ या सेटिंगमध्ये तीन रकाने आहेत: कॉमेंट (कोडमधली टीप), स्ट्रिंग (अवतरणचिन्हांतला मजकूर) आणि बाकी सगळं. मूळ ठरवणीत पहिले दोन बंद असतात. तुमच्याकडे कॉमेंट लिहिताना यादी उघडत असेल तर ते कुणीतरी चालू केलेलं आहे. ‘क्विक सजेशन्स डिले’ मुळात १० मिलिसेकंद असतो, म्हणजे बोट उचलायच्या आत यादी हजर. तो ४००–५०० करून बघा. सलग टाइप करत असताना यादी दिसतच नाही, थबकलात की येते. डोळ्यांसमोर सतत काहीतरी उघडझाप होण्याचा ज्यांना त्रास होतो त्यांच्यासाठी एवढा एकच बदल पुरतो.

फाइलीतून शब्द उचलण्याचं सेटिंग ‘वर्ड बेस्ड सजेशन्स’. जुन्या लेखांत आणि जुन्या सेटिंग्ज फाइलींत त्याला नुसतं चालू किंवा बंद असायचं. आता तिथे मुख्य पर्याय चार आहेत: पूर्ण बंद, फक्त ही फाइल, याच भाषेच्या उघड्या फाइली, आणि सगळ्या उघड्या फाइली. मूळ ठरवणी तिसरी. म्हणजे चार टेक्स्ट फाइली उघड्या असतील तर एका पत्रातले शब्द दुसऱ्या पत्रात येऊन बसणार. मराठी लिहिणाऱ्यांना याचा फटका जास्त, कारण आपले प्रत्यय शब्दालाच चिकटतात. ‘पुणे’ असलेल्या मजकुरात ‘पुणेरी’, ‘पुणेकर’, ‘पुणेकरांनी’ असतातच, आणि छोटा शब्द हा मोठ्या शब्दाची सुरुवात असल्याने प्रत्येक छोट्या शब्दामागे यादी उघडायला निमित्त मिळतं. नुसतं लेखन करायचं असेल तर हे बंदच ठेवा.

मार्कडाउन (साध्या खुणांनी मजकुराची मांडणी करायची पद्धत) फाइलींत व्हीएस कोड आपोआप उघडणारी यादी मुळातच बंद ठेवतो. त्यामुळे तोच मजकूर टेक्स्ट म्हणून साठवला की यादी येते आणि मार्कडाउन म्हणून साठवला की येत नाही. ‘कधी होतं, कधी होत नाही’ या तक्रारीमागे एवढंच कारण असू शकतं.

स्निपेट नको असतील तर ‘स्निपेट सजेशन्स’ला ‘बॉटम’ किंवा ‘नन’. आणि शब्दाच्या मध्ये कर्सर ठेवून दुरुस्ती करताना जुन्या शब्दाचं शेपूट तसंच राहत असेल तर ‘सजेस्ट इन्सर्ट मोड’ हे ‘इन्सर्ट’वरून ‘रिप्लेस’वर न्या. यादी उघडी असताना शिफ्ट-एंटर दाबलं की त्या एका वेळेपुरती उलटी पद्धत वापरली जाते.

करड्या अक्षरांचं भूत

गिटहब कोपायलट हे कोड सुचवणारं एआय २०२२ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं आणि तेव्हापासून ही करडी अक्षरं घरोघरी पोचली. इथे खरी मारामारी टॅबची आहे. यादीची निवड टॅबने, करडा अंदाज स्वीकारायचा टॅबने, इंडेंटही टॅबने. वर सांगितल्याप्रमाणे एंटर ऑफ करून टॅबवर आलात आणि वर एआय चालू असेल तर आगीतून फुफाट्यात.

पूर्ण बंद करायचं असेल तर ‘इनलाइन सजेस्ट एनेबल्ड’वरची खूण काढा. पण बहुतेकांना ते कोडमध्ये हवं असतं आणि मजकुरात नको असतं. त्यासाठी ‘गिटहब कोपायलट एनेबल’ या सेटिंगमध्ये भाषेप्रमाणे चालू-बंद लिहिता येतं. साधा टेक्स्ट आणि मार्कडाउन तिथे बंद करा. आणि अख्खा अंदाज गिळण्याऐवजी कंट्रोल धरून उजवा बाण दाबा, मॅकवर कमांड धरून. एकेक शब्द करत पुढे जाता येतं आणि पटेल तिथे थांबता येतं. मी एआय वापरतो तो असाच, घासाघासाने.

ज्यांचं काम परदेशी ग्राहकाच्या कोडवर चालतं त्यांनी हे चालू ठेवण्याआधी आपल्या मॅनेजरला एकदा विचारून घ्या. हा प्रश्न मग टॅबच्या कळीचा राहत नाही, कराराचा होतो.

मराठी कीबोर्ड आणि दोन याद्यांचं भांडण

मॅकवर इंग्रजीतून मराठी कीबोर्डवर जायला कंट्रोल-स्पेस वापरतात. एडिटरची यादी मागवायलाही कंट्रोल-स्पेस. त्यामुळे यादी मागवली की कीबोर्ड बदलतो आणि पुढची ओळ भलत्याच लिपीत उमटते. उपाय दोन: मॅकच्या कीबोर्ड सेटिंग्जमध्ये भाषाबदलाची कळ बदला, किंवा एडिटरमध्ये कंट्रोल-के आणि मग कंट्रोल-एस दाबून (मॅकवर कमांड) शॉर्टकटचं पान उघडा, ‘ट्रिगर सजेस्ट’ शोधा, ओळीवर दोनदा क्लिक करून हवी ती कळ दाबा. मी दुसरा मार्ग निवडला.

इनस्क्रिप्टवर टाइप करणाऱ्यांना पुढचा त्रास नाही. अक्षर थेट उमटतं, मध्ये दुसरी यादी नाही. पण विंडोजचा मराठी फोनेटिक कीबोर्ड, म्हणजे रोमन टाइप करून नागरी उमटवणारा, स्वतःची पर्यायांची यादी दाखवतो. तिच्यातून शब्द निवडून झाला की लगेच एडिटरची यादी उघडते, आणि पहिल्या यादीसाठी उचललेलं बोट दुसरीवर पडतं. माझ्या बायकोचं असंच होत होतं. ती अनुवादाची कामं करते. तिच्या मशीनवर साध्या टेक्स्टसाठी क्विक सजेशन्सचे तिन्ही रकाने बंद केले. दोन यादींपैकी एकच ठेवायची तर कीबोर्डची ठेवा, ती शब्द लिहायलाच लागते.

बदल कुठे लिहायचा

बरेच जण सेटिंग बदलतात, फरक पडत नाही, आणि मग एडिटरला शिव्या घालतात. सेटिंग्जना तीन जागा असतात. एक तुमची स्वतःची, एक प्रोजेक्टची (प्रोजेक्टच्या फोल्डरात डॉट-व्हीएसकोड नावाचं फोल्डर असतं, त्यात), आणि या दोन्हींच्या आत भाषेप्रमाणे वेगळे कप्पे. प्रोजेक्टचं सेटिंग तुमच्या सेटिंगवर मात करतं. ते फोल्डर गिटमध्ये (टीमच्या कोडमधले बदल सांभाळणाऱ्या साधनात) असेल तर एखाद्या सहकाऱ्याने आपल्या सोयीसाठी केलेला बदल सकाळी पुल घेतल्यावर, म्हणजे टीमचे बदल उतरवून घेतल्यावर, तुमच्या बोटांपर्यंत येतो. टीममध्ये बोलून घ्या. एंटरचं वागणं ही ज्याची त्याची बाब आहे, प्रोजेक्टच्या फाइलीत तिचं काही काम नाही.

याच्यावर आणखी एक गाठ आहे. भाषेसाठी लिहिलेलं सेटिंग सर्वसाधारण सेटिंगवर नेहमी मात करतं, मग ते सर्वसाधारण सेटिंग प्रोजेक्टच्या फाइलीत का असेना. म्हणजे कधीकाळी तुम्ही पायथनसाठी वेगळं काही लिहून ठेवलं असेल तर बाकी कुठेही काहीही बदललं तरी पायथनमध्ये तेच जुनं चालू राहणार. शोधपेटीत ॲटच्या चिन्हाला जोडून ‘लँग’, मग विसर्गासारखी दोन टिंबं आणि भाषेचं नाव टाकलं की त्या भाषेच्या कप्प्यातली सेटिंग्ज दिसतात. बदलही तिथेच करता येतो.

माझ्या ‘पुणेकर’चा उलगडा इथेच झाला. ऑफिसात एक नवी मुलगी माझ्या मशीनवर शेजारी बसून काम करत होती. “सर, तुमच्याकडे सजेशन्स येतच नाहीत, मला सुचत नाही असं,” म्हणाली, म्हणून साध्या टेक्स्टसाठीचा माझा बंदोबस्त मीच काढून टाकला आणि विसरलो. घरच्या आणि ऑफिसच्या मशीनवर सेटिंग्ज सिंक चालू. तिच्यासाठी केलेला बदल त्याच रात्री कोथरूडला पोचला. अपडेटचा त्या आठवड्याशी संबंध निव्वळ योगायोगाचा.

सिंक वापरत असाल तर एवढं करून ठेवा: ज्या सेटिंगचं वागणं प्रत्येक मशीनवर वेगळं हवं, त्याच्या शेजारच्या दातेरी चक्रावर क्लिक करून ‘सिंक धिस सेटिंग’वरची खूण काढा. आणि दुसऱ्याला आपलं मशीन द्यायचं झालं तर वेगळं प्रोफाइल उघडून द्या. डाव्या खालच्या कोपऱ्यातल्या चक्रात प्रोफाइल्सचा मेनू आहे, दोन मिनिटांचं काम.

खरोखरच अपडेटने घोळ केला असेल तर

तेही होतंच. दोषी एक्स्टेन्शन सापडलं असेल तर त्याच्या पानावरच्या मेनूत ‘इन्स्टॉल स्पेसिफिक व्हर्जन’ आहे. मागची आवृत्ती निवडा आणि त्या एकाचं ऑटो अपडेट बंद करा. एडिटरचं स्वतःचं अपडेट थोपवायचं तर ‘अपडेट मोड’ला ‘मॅन्युअल’ करा. मात्र कायमचं तिथे राहू नका, सुरक्षेच्या दुरुस्त्याही त्याच अपडेटमधून येतात. माझी पद्धत अशी की रिलीजच्या आठवड्यात हात लावायचा नाही, आणि घेतल्यावर हेल्प मेनूतल्या रिलीज नोट्समध्ये ‘सजेस्ट’ हा शब्द शोधायचा. मूळ ठरवणी बदललेली असेल तर बहुधा तिथे ओळ सापडते.

बदल केल्यावर तपासायची रीतही सांगून ठेवतो. एक कोरी टेक्स्ट फाइल घ्या, पहिल्या ओळीत ‘पुणेकर’ लिहा, दुसरीत ‘पुणे’ लिहून एंटर, तिसरीत ‘पुणे’ लिहून टॅब, चौथीत ‘पुणे’ आणि पूर्णविराम. काय उमटलं ते बघा. मग हेच तुमच्या रोजच्या भाषेच्या फाइलीत. एका वेळी एकच सेटिंग बदला. तीन एकदम बदललीत तर कशाने गुण आला ते कळणार नाही.

इतर एडिटरांत

नोटपॅड प्लस प्लसमध्ये सेटिंग्ज, प्रेफरन्सेस, ऑटो-कम्प्लीशन असं जा. कितव्या अक्षरापासून यादी उघडायची ते तिथे ठरवता येतं, ते तीन-चार करा. निवड टॅबने की एंटरने यासाठी दोन वेगळे चौकोन आहेत, एंटरचा रिकामा करा. सब्लाइममध्ये ‘ऑटो कम्प्लीट कमिट ऑन टॅब’ चालू करा, बस. विमवाल्यांनी ‘कम्प्लीटऑप्ट’मध्ये ‘मेनूवन’ आणि ‘नोसिलेक्ट’ टाकलं की यादी दिसते पण काही निवडलेलं नसतं.

लिबरऑफिस रायटर राहिला, आणि तो काकांमुळे राहत नाही. माझ्या पत्राचं प्रकरण मिटल्यावर काका म्हणाले, “तुझ्याकडे शब्द नको असताना येतात. माझ्याकडे हवे असताना येत नाहीत, त्याचं बघ जरा.” ते सोसायटीची इतिवृत्तं रायटरमध्ये लिहितात, एका बोटाने, आणि ‘गृहनिर्माण’, ‘सर्वसाधारण’, ‘हस्तांतरण’ हे शब्द दर पानावर. टूल्स मेनूत ऑटोकरेक्ट ऑप्शन्स, त्यात वर्ड कम्प्लीशनचं पान. शब्द किमान किती अक्षरांचा असावा ते तिथे मुळात ८ असतं, जास्तीत जास्त नोंदी १०००, आणि स्वीकारायची कळ, अर्थातच, एंटर. ती मी बदलून उजवा बाण केली. खाली एक चौकोन आहे, फाइल बंद करताना तिच्यातून गोळा केलेले शब्द यादीतून काढून टाकण्याचा. त्यावरची खूण काढली, म्हणजे लिबरऑफिस पूर्ण बंद करेपर्यंत एका इतिवृत्ताचे शब्द दुसऱ्या फाइलीतही हजर राहतात. काकांनी ‘सर्वसा’ टाइप केलं, पुढचं आपोआप उमटलेलं बघितलं, बाण दाबला. “आता माझं आडनाव पण घाल त्यात,” म्हणाले. आडनाव पाच अक्षरांचं निघालं, म्हणून आठाचे पाच केले.